शब्द नांदायला हवा

(मंडळाने पालकांसाठी ठेवलेल्या एका रविवारच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं नीटनेटकं केलं आहे, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



"मुलांची इंग्रजी व्होकॅब्युलरी कशी वाढवायची, यावर वीस मिनिटं बोला," असा संयोजकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना प्रामाणिकपणे विचारलं, "अहो, नंबर चुकला का तुमचा?" मी काही इंग्रजीचा प्राध्यापक नाही. कॉम्प्युटर इंजिनीअर आहे, पोट कन्सल्टिंगवर चालतं. शाळा कराडची, मराठी माध्यमाची. ए-बी-सी-डीशी रीतसर ओळख झाली ती पाचवीत, १९९८ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २००० सालापासून, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवायला सुरुवात झाली. म्हणजे 'पाचवीपासून इंग्रजी'वाल्या शेवटच्या काही तुकड्यांपैकी आमची एक. हे ऐकून संयोजक म्हणाले, "म्हणूनच तुम्ही बोला. जो गटांगळ्या खाऊन पोहायला शिकला, त्यालाच पाण्याची खोली माहीत असते." तेव्हा आज मी सांगणार आहे ते गटांगळ्यांचं शास्त्र आहे, एवढं लक्षात ठेवून ऐका!

सुरुवात घरातल्या एका फजितीपासून करतो.

गेल्या वर्षी लेक प्रायमरी फोरमध्ये होती आणि माझी आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. शाळेत निबंध होता, तुम्हाला आवडणाऱ्या व्यक्तीबद्दल. लेकीने आजीवर लिहिला. मनापासून लिहिला होता. त्यात एक वाक्य असं होतं : 'माय ग्रँडमदर इज नोटोरियस फॉर हर पुरणपोळी.' बाईंनी 'नोटोरियस'भोवती लाल वर्तुळ काढलं होतं. लेक रडवेली होऊन घरी आली. "बट बाबा, इट्स अ सिनॉनिम! फेमस, वेल-नोन, नोटोरियस. तुझ्याच लिस्टमध्ये आहे!"

खरंच होतं. लिस्ट माझीच होती. आय.टी.वाला बाप म्हणजे काय करणार? एक्सेल शीट! पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात डेफिनिशन, तिसऱ्यात सिनॉनिम. रोज दहा शब्द. पाठ झाला की रकाना हिरवा. तीन महिन्यांत सगळी शीट हिरवीगार झाली होती, आणि मी ऑफिसात डॅशबोर्ड बघावा तशा समाधानाने तिच्याकडे बघत होतो. 'नोटोरियस'ची डेफिनिशन लेकीला अजूनही पाठ होती. तिने ती घडाघडा म्हणूनही दाखवली, 'वाईट गोष्टीसाठी' या शब्दांसकट. पण निबंध लिहिताना तिला आठवला तो तिसरा रकाना.

आई तिथेच मेथी निवडत बसली होती. "काय झालं गं बाळा?" मी तिला मराठीत समजावून सांगितलं. ती हसत सुटली. "म्हणजे प्रसिद्धऐवजी कुप्रसिद्ध लिहिलंस होय? अगं, मी काय पुरणपोळ्यांचे दरोडे घालते का?" लेकीने विचारलं, "कु म्हणजे काय?" आजी म्हणाली, "कु लागला की वाईट. कुकर्म, कुमार्ग, कुप्रसिद्ध." लेक क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, "मग आजी, कुटुंब पण वाईट?"

हसून झाल्यावर मी विचार करत बसलो. माझ्या शीटला तीन महिन्यांत जे जमलं नाही, ते मेथी निवडता निवडता दोन मिनिटांत झालं होतं. तो 'नोटोरियस' आता ती जन्मात विसरणार नाही. शिवाय 'कुप्रसिद्ध' हा मराठी शब्द तिला नव्याने मिळाला तो वेगळाच. मग माझं चुकलं कुठे?

माझं चुकलं ते मी स्वतः जसा शिकलो तसंच तिला शिकवत होतो, इथे. २००९ साली पुण्यात इंजिनीअरिंगला असताना आम्हा मित्रांना जी.आर.ई.ने झपाटलं होतं. बॅरन्सच्या जाडजूड पुस्तकात साडेतीन हजार शब्दांची यादी होती. ती आम्ही होस्टेलच्या गच्चीवर फेऱ्या मारत घोकायचो. विरुद्धार्थी शब्द ओळखा, शब्दांच्या जोड्या जुळवा असे प्रश्न परीक्षेत असायचे. पुढे ऑगस्ट २०११ पासून ते दोन्ही प्रकार परीक्षेतूनच काढून टाकले. मी काही अमेरिकेला गेलो नाही, नोकरी लागली आणि यथावकाश सिंगापूरला आलो. त्या साडेतीन हजारांपैकी किती शब्द मी आयुष्यात वापरले? दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. बाकीचे परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी गाशा गुंडाळून निघून गेले.

आणि जे राहिले त्यांनीही घात केला! इथे आल्यावर पहिल्याच वर्षी एका क्लायंटच्या डिझाइनची मला स्तुती करायची होती. 'सिंपल' लिहिलं तर फारच बाळबोध वाटेल, म्हणून मी ईमेलमध्ये 'सिंप्लिस्टिक' लिहिलं. तो मला सिंपलचाच जरा सुटाबुटातला भाऊ वाटला होता. प्रत्यक्षात त्याचा अर्थ होतो, गुंतागुंत न समजल्यामुळे उथळपणे सोपं केलेलं. तिकडून अत्यंत थंड उत्तर आलं. माझ्या मॅनेजरने मला बाजूला घेऊन समजावलं तेव्हा कानशिलं गरम झाली. बाप 'सिंप्लिस्टिक', लेक 'नोटोरियस'. खाण तशी माती!

आता आपले तीन रकाने एकेक करून बघू.

पहिला रकाना, डेफिनिशन. मोठ्यांची डिक्शनरी मुलांच्या हातात दिली की काय होतं, हे तुम्ही पाहिलं असेल. एका अवघड शब्दाचा अर्थ सांगायला चार त्याहून अवघड शब्द! ही अडचण फार पूर्वी एका माणसाला जाणवली, तीही आपल्याच उपखंडात. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला शिकवत होते. त्यांनी १९३५ साली असा कोश काढला की ज्यात फक्त १,४९० सोपे शब्द वापरून सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ सांगितले होते. पुढे जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबी यांचा कोश १९४२ साली तिथेच छापला गेला. आज आपण ज्याला ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणतो, ती हीच. १९८७ साली आलेल्या कोबिल्डने तर अर्थच पूर्ण वाक्यात सांगायला सुरुवात केली. परक्या भाषेतून इंग्रजीकडे येणाऱ्यांसाठी बनलेले हे कोश आहेत. मुलांना कोश द्यायचा तर असा 'लर्नर्स' कोश द्या.

पण चांगल्यात चांगली डेफिनिशनसुद्धा अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करते. पटत नसेल तर मला एक मराठी शब्द समजावून सांगा : 'लागणे'. साधा शब्द आहे ना? भूक लागली. ठेच लागली. आग लागली. दिवे लागले. निकाल लागला. नोकरी लागली. वेळ लागला. गोड लागलं. वेड लागलं. करा याची एका ओळीत डेफिनिशन! मी लेकीला ही वाक्यं देऊन इंग्रजी करायला सांगितलं. प्रत्येक वेळी 'लागणे'साठी इंग्रजीत वेगळंच काहीतरी येतं, हे बघून तिला गंमत वाटली. आणि उलटही खरं. इंग्रजीतला 'रन' घ्या. माणूस धावतो, नळ वाहतो, दुकान चालतं, प्रोग्रॅम रन होतो आणि नाकसुद्धा गळतं. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून कळतो. एकटा उभा केला की तो नुसता पासपोर्टचा फोटो.

दुसरा रकाना, सिनॉनिम. सगळ्यात जास्त अपघात इथेच होतात. समानार्थी शब्दांचा प्रसिद्ध इंग्रजी संग्रह म्हणजे पीटर रॉजेट यांचा थिसॉरस. पेशाने डॉक्टर असलेल्या या गृहस्थांनी तो १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी प्रसिद्ध केला. त्यात शब्द अकारविल्हे नाहीत, कल्पनांप्रमाणे गटागटाने लावलेले आहेत. म्हणजे जो शब्द आपल्या ओळखीचा आहे पण ऐन वेळी ओठांवर येत नाही, तो शोधून काढण्याची ती सोय आहे. अनोळखी शब्दाशी पहिली ओळख करून घ्यायची ती जागा नव्हे. आपण नेमकं उलटं करतो. कॉम्प्युटरवर राइट-क्लिक करतो आणि त्यातला सगळ्यात भारी दिसणारा शब्द उचलतो.

मुलांना हे समजावायला इंग्रजी उदाहरणांची गरजच नाही. आपलं घर भरलेलं आहे. आग, अग्नी, विस्तव, जाळ, वणवा. सगळे एकाच गोत्रातले. पण 'घराला अग्नी लागला' असं आपण म्हणतो का? 'चितेला आग दिली' म्हटलं तर कानाला कसं खटकतं! शेगडीत विस्तव, चुलीत जाळ, रानात वणवा. तसंच पाणी आणि जल. जलपान होतं, पण तहान लागली की आपण पाणीच मागतो. घर आणि गृह. 'गृहप्रवेश' होतो आणि मग 'घरी' राहायला जातो. हे आपल्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. ऐकून ऐकून कळलं. ज्या मुलाला मराठीत हा फरक जाणवतो, त्याला इंग्रजीत 'आस्क' आणि 'इंटरॉगेट' यांतला फरक चटकन कळतो. मित्राला विचारायचं ते आस्क, पोलीस विचारतात ते इंटरॉगेट.

कुठला शब्द कुठे शोभतो हे तर आपल्या सिंगापूरच्या मुलांना जन्मजात कळतं. इथल्या सरकारने २००० साली 'स्पीक गुड इंग्लिश' मोहीम सुरू केली, आणि २०१६ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने 'शिओक' आणि 'हॉकर सेंटर' हे इथले शब्द दाखलही करून घेतले! हॉकर सेंटरमध्ये 'कॅन लाह' म्हणणारी पोरं प्रिन्सिपलसमोर बरोबर 'येस मॅडम' म्हणतात. शब्दांना पायरी असते हे त्यांना ठाऊक आहे. आपण फक्त ते त्यांच्या लक्षात आणून द्यायचं. म्हणून सिनॉनिमच्या रकान्याला आमच्या घरी आता नवं नाव आहे : 'भावंडं'. भावंडं दिसायला सारखी असतात, स्वभाव वेगळे असतात. भावंडाचं नाव लिहायचं ते स्वभावातल्या फरकासकट. फरक सांगता येत नसेल तर नाव लिहायचं नाही.

तिसरा रकाना माझ्या शीटमध्ये नव्हताच. वाक्य! आपल्या आधीच्या पिढ्यांनी हे ओळखलं होतं. तुमच्यापैकी ज्यांचे वडील किंवा आजोबा मराठी शाळेत शिकले, त्यांना तर्खडकरांची भाषांतर पाठमाला नक्की विचारा. इकडचं वाक्य तिकडे, तिकडचं इकडे, सोप्याकडून अवघडाकडे. खेड्यापाड्यातली माणसं त्या वाक्यांच्या जोरावर इंग्रजी शिकली, कचेरीत लागली. आज ती पद्धत जुनाट वाटेल, पण तिच्यातली एक गोष्ट पक्की होती. तिथे शब्द एकटा सुटा भेटत नसे, वाक्यात नांदत असलेला भेटे.

मी त्यात एक अट घातली आहे. वाक्य खरं पाहिजे! म्हणजे आपल्या घरातलं, आपल्या माणसांबद्दलचं, खरोखर घडलेलं. 'रिलक्टंट' शब्द आला की पुस्तकातलं वाक्य चालणार नाही. लेकीने लिहिलं, 'बाबा इज रिलक्टंट टु टेक द स्टेअर्स.' अपमान झाला, पण शब्द पक्का बसला!

इथपर्यंत युक्त्या झाल्या. आता जे सांगायला मी खरं तर उभा राहिलोय ते सांगतो.

लेक प्रायमरी वनला गेली तेव्हा आम्हाला बऱ्याच ओळखीच्यांनी सल्ला दिला होता, "घरी इंग्रजीच बोला. दोन भाषांत मूल गोंधळतं." आम्ही ऐकलं. बरेच महिने घरात इंग्रजी चाललं. 'फिनिश युवर मिल्क. पॅक युवर बॅग. हरी अप.' माझं इंग्रजी कुठलं? ऑफिसातलं! प्रोजेक्ट उशिरा का होतंय हे मी पन्नास तऱ्हांनी सांगू शकतो. पण लेक रुसली तर? फुरंगटली, धुसफुसली, चिडली, वैतागली, तिने त्रागा केला? मराठीत माझ्याकडे यातली प्रत्येक छटा आहे. इंग्रजीत माझ्याकडे एकच शब्द होता, 'अँग्री'. म्हणजे इंग्रजी सुधारायला म्हणून मी माझ्या मुलीला माझी पातळ भाषा देत होतो, आणि घट्ट भाषा कुलपात ठेवत होतो.

त्या वर्षी आई आली आणि पंधरा दिवसांत गप्प गप्प झाली. नात काय म्हणते ते तिला कळेना, आणि ती काय म्हणते ते नातीला. दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. एका दुपारी आई हिला म्हणाली, "मला परत जायचं लवकरचं तिकीट मिळेल का गं? इथे मी काय करते?" ते वाक्य आम्हा दोघांच्या जिव्हारी लागलं. ('लागणे'चा हा आणखी एक अर्थ.) त्या दिवसापासून घरात मराठी परत आली.

हा नुसता भावनेचा प्रश्न नाही बरं का. कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९ पासून जे मांडलं, त्याचा सारांश असा : मुलाच्या दोन भाषा म्हणजे एकमेकींची जागा खाणारे दोन फुगे नव्हेत, खालून त्या जोडलेल्या असतात. एका भाषेत जी कल्पना पक्की झाली ती दुसरीत नव्याने शिकावी लागत नाही, फक्त नाव शिकावं लागतं. माझ्या आईच्या भाषेत सांगायचं तर भिंतीत खुंटी आधी असली पाहिजे, मग तिच्यावर सदरा टांगा नाहीतर कोट टांगा. 'कुप्रसिद्ध' ही खुंटी होती, 'नोटोरियस' तिच्यावर टांगला गेला. रुसणे ही खुंटी असेल तर 'सल्क' तिथे बसतो. खुंटीच नसेल तर कितीही भारी कोट आणा, तो जमिनीवरच पडणार.

आणि इथे सिंगापुरात ही खुंटी ठोकणारं दुसरं कुणी नाही. शाळेत इंग्रजी आहे. मातृभाषा म्हणून आपली बहुतेक मुलं हिंदी घेतात; तमिळ आहे, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दूही आहे. मराठी नाही. ही तक्रार नव्हे, वस्तुस्थिती आहे. मराठी शब्द द्यायचे तर ते घरातूनच.

ज्यांना स्वतःच्या इंग्रजीबद्दल शंका वाटते त्यांच्यासाठी एक जुना मित्र सुचवतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. कंपनीच्या फौजेतला हा अधिकारी. त्याने जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंच्या व मराठी शास्त्रीमंडळींच्या मदतीने १८३१ साली तो काढला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट बघता येतो. आपल्याला सुचलेला मराठी शब्द त्यात घाला, बारीकसारीक छटांसकट इंग्रजी प्रतिशब्द मिळतात. इंग्रजी अर्थात दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हा मिळालेला शब्द आजच्या लर्नर्स कोशात तपासून मगच वापरा. नाहीतर पोरं निबंधात व्हिक्टोरिया राणीसारखी बोलायला लागतील!

शेवटी, आमच्या घरात आता काय चालतं ते थोडक्यात सांगतो.

एक्सेल शीट बंद. आठवड्याला पाचच शब्द, तेही लेकीने लायब्ररीच्या पुस्तकात स्वतः अडखळून शोधलेले. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. पुढे शब्द. मागे चार गोष्टी : स्वतःच्या भाषेत अर्थ, मराठी खुंटी, एक भावंड फरकासकट, आणि एक खरं वाक्य. ज्या शब्दाला नेमकी मराठी खुंटी सापडत नाही, तिथे आजीला फोन. मग ती बाजूने दोन गोष्टी सांगते आणि पाच मिनिटांचा फोन अर्ध्या तासावर जातो.

कार्डांसाठी फराळाचे तीन रिकामे डबे आहेत. 'रोज', 'रविवार' आणि 'महिना'. शब्द बरोबर वापरता आला की कार्ड पुढच्या डब्यात, चुकला की परत 'रोज'मध्ये. ही युक्ती माझी नाही, लाइटनर नावाच्या जर्मन गृहस्थांनी १९७० च्या दशकात सांगितलेली आहे. तिच्या मुळाशी एबिंगहाउस यांनी १८८५ साली मांडलेला विसरण्याचा आलेख आहे. शिकलेलं आपण सुरुवातीला झपाट्याने विसरतो आणि मग हळूहळू. म्हणून एका दिवसात दहा वेळा घोकण्यापेक्षा अंतर ठेवून चार वेळा भेटलेलं बरं. पाहुण्यांचंही तसंच असतं म्हणा!

आठवड्याला पाच म्हणजे वर्षाला अडीचशे. माझ्या साडेतीन हजारांपुढे चिल्लर! पण ते अडीचशे घरात राहायला येतात. सुनेला माप ओलांडून घरात घेतात, हातात यादी देऊन नव्हे. चार दिवस ती बुजते, चुकते, मग एक दिवस घर तिचं होतं. शब्दाचंही तसंच. तो नांदायला हवा.

परवा व्हिडिओ कॉलवर लेकीने आजीला सांगितलं, "आजी, बाबा आज फार धुसफुसतोय." आई हसली आणि म्हणाली, "इंग्रजीत काय म्हणतात गं त्याला?" लेकीने सांगितलं, "ही इज इन अ हफ!" आईने तो शब्द दोनदा म्हणून बघितला, हफ, हफ. आणि म्हणाली, "छान आहे गं. अगदी तुझ्या आजोबांसारखा!"

कराडला आईच्या फ्रिजवर आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर आठवड्याचे पाच शब्द असतात. यादी नातीने पाठवलेली. वाक्य मात्र खरं पाहिजे, ही अट तिलाही लागू आहे.